पुस्तकांच्या पैशातून उभी राहिलेली संस्था : शारदा सदन ते केडगावचा छापखाना

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीच्या परिसरात पंडिता रमाबाईंची एक लहानशी शाळा सुरू झाली. नाव ठेवले शारदा सदन. उद्घाटनाच्या सभेच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. बाईने सभेचे अध्यक्षपद घ्यावे, हेच त्या काळी नवल होते. थोड्याच दिवसांत या शाळेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली एक बालविधवा दाखल झाली. माहेर देवरुख, माहेरचे आडनाव जोशी, सासरचे नातू, नाव गोदूबाई. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होते. त्यांनी बहिणीला कोकणातून आणून रमाबाईंच्या हवाली केले. सदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि महाराष्ट्र तिला बाया कर्वे म्हणून ओळखू लागला.

रत्नागिरीतल्या ग्रंथप्रेमींच्या स्मरणिकेत रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारले तर बाया कर्वे हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे बहुतेक संस्था राजाश्रयावर, देणगीदारांच्या औदार्यावर किंवा सरकारी अनुदानावर उभ्या राहिल्या. रमाबाईंची संस्था एका बाईने लिहिलेल्या आणि विकलेल्या पुस्तकांतून सुरू झाली आणि पुढे तिथल्या मुलींच्या हातून पुस्तके घडू लागली. मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास सांगताना आपण जावजी दादाजींचे, गणपत कृष्णाजींचे नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवे. पण त्या यादीत रमाबाईंचे नाव येत नाही. त्यांच्याकडे समाजसुधारक, धर्मांतरित, विदुषी म्हणून पाहिले जाते. ग्रंथकर्ती, विक्रेती आणि मुद्रक म्हणून त्यांनी काय केले, ते इथे मांडायचे आहे.

ग्रंथ हे रमाबाईंच्या लहानपणापासून पोटाचे साधन होते. जन्म २३ एप्रिल १८५८, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी तेच मुलीला शिकवले. घरचा जमीनजुमला गेला तेव्हा हे कुटुंब पुराण सांगत देशभर पायी फिरू लागले. देवळात, नदीकाठच्या घाटावर बसून संस्कृत ग्रंथ वाचायचा आणि श्रोते जे धान्य, पैसा, वस्त्र देतील त्यावर दिवस काढायचे. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते असे सांगतात. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणी उरले नाही तेव्हा या पुराणिक घरातले आई-वडील दोघेही उपासमारीने गेले, मोठी बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. एवढी पुराणे पाठ असलेल्या या विदुषीने तोवर वेद वाचलेले नव्हते, कारण बाईने ते वाचू नयेत असेच तिला शिकवलेले होते. पुढे विवाहानंतर आसामातल्या सिलचरला पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली पुस्तिका सापडली. रमाबाईंच्या आयुष्यातल्या मोठ्या वळणांवर असे एखादे पुस्तक भेटते. आपल्या आत्मकथनात त्यांनी स्वतःच या दोन्ही गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत.

भाऊ १८८० साली वारला. पती बिपिनबिहारी मेधावी दीड-दोन वर्षांच्या संसारानंतर फेब्रुवारी १८८२ मध्ये गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. त्याच वर्षी रमाबाई पुण्याला आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे आपले पहिले मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडला जायचे होते, वैद्यकीय शिक्षण घ्यायचे मनात होते आणि प्रवासाला पैसे नव्हते. ते या पुस्तकाच्या विक्रीतून उभे राहिले. एक विधवा, जवळचा नातलग नाही, हातात काही नाही. ती पुस्तक लिहिते, ते खपते, आणि त्या पैशातून १८८३ साली मुलीला घेऊन बोटीत बसते. आपल्या ग्रंथव्यवहारात याआधी असे काही घडल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुस्तक आज वाचले तर जड वाटते. शैली संस्कृतप्रचुर आहे, उपदेशाचा सूर आहे आणि बायकांच्या दुर्दशेचा बराच दोष त्यात बायकांच्या आळसावर आणि अज्ञानावर टाकला आहे. याच १८८२ साली ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात छापले गेले. त्यातली धार रमाबाईंच्या या पहिल्या पुस्तकात नाही, हे कबूल करायला हवे. पण दोन पुस्तकांच्या नशिबातला फरक बघण्यासारखा आहे. ताराबाईंचे पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा संपादून १९७५ साली प्रसिद्ध केले तेव्हा कुठे मराठी वाचकाला त्याची ओळख झाली. नव्वदहून अधिक वर्षे एवढे महत्त्वाचे पुस्तक जवळपास नसल्यासारखेच होते. एखादी प्रत कुठेतरी टिकली म्हणून ते परत आले. रमाबाईंनी मात्र आपली पुस्तके स्वतः विकली, लोकांपर्यंत पोहोचवली, त्यांच्यामागे संस्था उभी केली. त्यामुळे त्यांचे नाव पुसले गेले नाही.

इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात यावरून उठलेले वादळ त्यांच्या हयातीत शमले नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि शिकवतही होत्या. तिथून १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी निमंत्रण दिले होते. तो दिवसही ११ मार्चच. पदवीदान, शारदा सदनाचे उद्घाटन, गोदूबाईंचे लग्न; रमाबाईंच्या गोतावळ्यातल्या तीन घटना तीन वेगळ्या वर्षी एकाच तारखेला घडल्या आहेत.

अमेरिकेतले मुक्कामाचे महिने वाढत गेले. रमाबाईंनी बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकून घेतली आणि गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ साली फिलाडेल्फियात त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’. प्रस्तावना बॉडलीबाईंची. अर्पणपत्रिका आई लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या स्मृतीस. आनंदीबाई त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारल्या होत्या. त्यांचेही स्मरण या पुस्तकात आहे. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीचे बालपण, लग्न, वैधव्य यांचे वर्णन करून शेवटी रमाबाईंनी वाचकांपुढे एक सरळ मागणी ठेवली होती. उच्चवर्णीय विधवांना राहता येईल, शिकता येईल आणि पुढे स्वतःच्या पायावर उभे राहता येईल असे घर हवे आहे, त्यासाठी मदत करा.

पुस्तक वर्षभरात हजारोंनी खपले. ते विकणे हाही रमाबाईंच्या दौऱ्याचा एक भाग होता. व्याख्यान ऐकून भारावलेला श्रोता चार दिवसांत विसरतो. घरी नेलेले पुस्तक टेबलावर राहते, शेजारीण मागून नेते. गावोगाव ‘रमाबाई मंडळे’ निघाली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे संस्थेचा खर्च चालवण्याची हमी घेतली. अट अशी की शाळेत धर्मप्रचार होणार नाही. शारदा सदनाची तिजोरी अशी भरली.

फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई मुंबईत उतरल्या, मार्चमध्ये सदन उघडले आणि त्याच वर्षी निर्णयसागर छापखान्यातून ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा त्यांचा जाडजूड ग्रंथ बाहेर पडला. निर्णयसागर म्हणजे जावजी दादाजींचा छापखाना, त्या काळी देवनागरी मुद्रणात ज्याचा हात धरणारे कोणी नव्हते. ग्रंथात अमेरिकेची राज्यपद्धती आहे, शाळा-महाविद्यालये आहेत, घरगुती रीतीभाती आहेत. काळ्या लोकांवर आणि मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाबद्दल कडक शब्द आहेत. सर्वांत रसरशीत भाग स्त्रियांच्या संघटनांचा आहे. एका मराठी बाईने परदेश पाहून, तिथली माहिती जमवून, आपल्या भाषेत आपल्या लोकांसाठी एवढा ग्रंथ लिहावा, ही आपल्या प्रवासवाङ्मयातली फार मोठी गोष्ट आहे. ‘स्त्रीधर्मनीति’पेक्षा हे गद्य कितीतरी मोकळे झालेले आहे.

सदनाचे पुढचे दिवस थोडक्यात सांगतो. १८९० अखेर ते पुण्याला हलले. सल्लागार मंडळात न्या. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. भांडारकर मालवणचे, म्हणजे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचे दार बंदही करणार नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की लहान, निराधार मुलींच्या बाबतीत उघडे दार हेसुद्धा बोलावणेच. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पुढे संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली आणि हा वाद तिथे संपला. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला तो हिंदू समाजाचा विश्वास राहील अशा रीतीने, आणि त्या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या बाया शारदा सदनात शिकलेल्या होत्या. १९४४ साली बायांनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. देवरुखच्या अंगणातली मुलगी ग्रंथकर्ती झाली.

पुण्यापासून पूर्वेला, सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगाव आहे. अमेरिकेची दहा वर्षांची मुदत कधीतरी संपणार हे ओळखून रमाबाईंनी तिथे आधीच शंभर एकरांच्या आसपास माळ घेऊन ठेवला होता. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा बेत होता. १८९६-९७चा मध्य प्रांतातला दुष्काळ आला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन परतल्या. आई-वडिलांचे हाल त्या विसरलेल्या नव्हत्या. पाठोपाठ पुण्यात प्लेग आला आणि सगळा संसार केडगावच्या माळावर हलला. सप्टेंबर १८९८ मध्ये तिथे मुक्ती सदनाचे समर्पण झाले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली. मनोरमेने त्यांना ब्रेल शिकवण्याची व्यवस्था केली.

दोन हजार माणसांना नुसते खाऊ घालून भागत नाही, त्यांच्या हाताला काम लागते. शेती, दूधदुभते, हातमाग, तेलघाणी, भांड्यांना कल्हई, शिवण असे उद्योग सुरू झाले. त्यांतच छापखाना आला आणि पुस्तक-बांधणी आली. रमाबाईंचे ग्रंथकार्य खऱ्या अर्थाने इथे फळाला आले.

खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्याच्या कामाची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. इंग्रजीला लहान-मोठी अक्षरे, आकडे, चिन्हे धरून घरे पाडलेल्या पेट्यांच्या एका जोडीत भागते. देवनागरीला जोडाक्षरे, काना, मात्रा, रफार, उकार धरून शेकडो खिळे लागतात. जुळारी उभा राहून, डाव्या हातात जुळणीची पट्टी धरून उजव्या हाताने प्रत्येक खिळा घरातून उचलतो. अक्षरे उलटी वाचायची सवय करावी लागते. छपाई झाली की सगळे खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. एक खिळा चुकीच्या घरात पडला की पुढच्या पानावर चूक ठरलेली. हे काम तेव्हा आपल्याकडे बहुतांशी पुरुषांचे होते. केडगावच्या मुलींमध्ये दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या कितीतरी होत्या. त्या आधी वाचायला शिकल्या, मग जुळणी शिकल्या. आणि पुढे बायबलच्या भाषांतराचे काम निघाले तेव्हा मराठी, इंग्रजी यांच्याबरोबर ग्रीक आणि उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू जुळणीही शिकल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, दौंडजवळच्या माळावर, मराठी खेडवळ मुली हिब्रू जुळवत होत्या. मराठी मुद्रणाच्या इतिहासात हे ठळक अक्षरांत लिहिले गेले पाहिजे.

ते भाषांतर रमाबाईंचे शेवटचे आणि सर्वांत मोठे काम. मराठीत बायबल आधीपासून होते. पण ते साध्या बाईला कळत नाही, त्यात संस्कृत शब्दांची दाटी आहे आणि त्या शब्दांना चिकटून जुन्या धर्माच्या कल्पना येतात, असे त्यांचे मत झाले. पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्या मूळ ग्रंथासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९०४-०५ च्या सुमारास कामाला लागल्या. जवळजवळ अठरा वर्षे ते चालले. ज्या बाईचे बालपण संस्कृत घोकण्यात गेले, जिचे पहिले पुस्तक संस्कृतच्या वजनाने वाकलेले होते, ती आता एकेक संस्कृत शब्द काढून त्या जागी चुलीजवळच्या बाईचा शब्द शोधत होती. भाषांतर म्हणून ते सर्वत्र यशस्वी झाले असे म्हणवत नाही. मूळ वाक्यरचना घट्ट धरून ठेवल्याने मराठी जागोजाग अवघडते आणि चर्चमध्ये ते रूढ झाले नाही. पण एकट्या स्त्रीने संपूर्ण बायबल मूळ भाषांमधून भाषांतरित करणे, आणि जुळणी, मुद्रितशोधन, छपाई, बांधणी हे सारे स्त्रियांनी एकाच आवारात पार पाडणे, याला जगातही फार जोड सापडणार नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती संस्था सोपवायची तीच गेली. रमाबाईंनी मुद्रिते तपासायचे काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. संस्था आजही केडगावला पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने काम करते आहे. १९८९ साली भारतीय टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले.

आता त्या पुस्तकांचे काय झाले तेही पाहू. अमेरिकेवरचा १८८९चा ग्रंथ इतका दुर्मिळ झाला होता की अभ्यासकांनासुद्धा मोठ्या ग्रंथालयांच्या कपाटांतच तो गाठावा लागे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्याची नवी आवृत्ती काढली ती शंभराहून अधिक वर्षांनी. रमाबाईंचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादला आणि तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. मीरा कोसंबी यांनी मूळ मराठी लेखन इंग्रजीत आणले आणि जगभरच्या विद्यापीठांत रमाबाई वाचल्या जाऊ लागल्या. हे सगळे शक्य झाले कारण मोजक्या प्रती टिकल्या. कुठल्या तरी वाचनालयाने त्या वाळवीपासून राखल्या, नोंदवहीत लिहिल्या, मागणाऱ्याच्या हाती दिल्या. केडगावच्या मुलींनी जुळवलेली पाने, मुक्तीची प्रार्थनापत्रे, संस्थेचे वार्षिक अहवाल यांना तेवढे संरक्षण मिळाले नाही. धार्मिक मजकूर म्हणून ग्रंथालयांनी ते बाजूला ठेवले आणि मिशनचे म्हणून घरांनी टाकून दिले. छपाईच्या इतिहासाचे त्यात मोठे नुकसान झाले.

आपल्या शहरातल्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ची. ग्रंथ जपण्याची परंपरा आपल्याला नवी नाही, आणि कोकणच्या पावसात कागद जपणे किती कष्टाचे असते तेही आपल्याला माहीत आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पूर आला तेव्हा १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले होते. ग्रंथालयेसुद्धा सुरक्षित नाहीत, तर माळ्यावरच्या पेट्यांची काय कथा.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती आहे. देवरुख, संगमेश्वर, दापोली, राजापूर, गुहागर इथल्या जुन्या घरांतून पणजी-खापरपणजीच्या पेट्या अजून आहेत. शारदा सदनात किंवा कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या बायकांची घरेही त्यांत असतील. माळा साफ करताना ‘स्त्रीधर्मनीति’ची पिवळी पडलेली प्रत, निर्णयसागरचा १८८९चा ग्रंथ, ‘माझे पुराण’ची पहिली आवृत्ती, केडगावच्या छापखान्याचे नाव असलेले एखादे चोपडे, फाटके का असेना, हाती लागले तर ते रद्दीत घालू नका. मुखपृष्ठ नसले, पाने सुटी झाली असली तरी चालेल. पहिल्या पानावर कोणाचे नाव, तारीख, किंमत लिहिलेली असेल तर ती पुसू नका. जवळच्या ग्रंथालयात आणून द्या, आणि पुस्तक देववत नसेल तर निदान नोंद आणि छायाचित्रे तरी करून घेऊ द्या.